कार्बोरेटर खोललाय? मग रबर नवंच टाका!

बाबांची जुनी बाईक आता तुमच्याकडे आलीय? १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले. बाईक त्याआधीची असेल, तर तिला बहुधा कार्बोरेटरच असणार. तो घरीच साफ करायचाय? मस्त! पण बरेच जण जेट चकाचक करतात आणि गॅस्केट मात्र जुनंच परत बसवतात. घात होतो तो तिथेच.

दबलेलं, कडक झालेलं रबर फट भरत नाही. मग फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल झिरपतं आणि शेजारी असतं तापलेलं इंजिन! इंजिनाकडच्या जोडाची ओ-रिंग गेली, तर जादा हवा आत शिरते आणि रेस सोडली की गाडी बंद पडते.

म्हणून तुमच्याच मॉडेलचं रिपेअर किट आणा. मोकळ्या हवेत बसा, पेट्रोल कॉक बंद करा. क्लीनरने रबर फुगतं, त्यामुळे फवारण्याआधी रबराचे सगळे भाग काढा. खाच कापडाने पुसा, टोकदार वस्तूने खरवडू नका. चरा पडला तर नवं गॅस्केटही गळेल. रिंगला पीळ पडू देऊ नका. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. वरून सिलिकॉन? अजिबात नको! पेट्रोलमध्ये ते सुटतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात.

सगळं बसवलं की कॉक उघडा, पण इंजिन बंदच ठेवा. दहा मिनिटांनी जोडावरून कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं? कॉक बंद करून परत खोला. कोरडं असेल तरच किक मारा.