विश्लेषण : उंच झाडावर एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर कसे जातात? दोर, गाठ आणि आकड्याचे तंत्र काय?

झाडावर चढणे हे अर्धेच काम असते. वाळलेली फांदी छाटायची असो, ढोलीची पाहणी करायची असो की शेंड्यावरच्या शेवाळाचे नमुने घ्यायचे असोत, काम बहुतेक वेळा खोडापासून दूर, फांदीच्या टोकाला असते. अपघाताचा धोकाही तिथेच जास्त असतो. वृक्षतज्ज्ञ आणि संशोधक तिथवर कसे पोहोचतात, हे समजून घेऊ.

दोर वर कसा पोहोचतो?

छर्रे भरलेली लहान पिशवी बारीक दोरीला बांधून मजबूत बेचक्यातून पलीकडे फेकतात. त्या दोरीने मुख्य दोर ओढून घेतात. चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस असतो. तो दोराला घर्षणगाठीने जोडलेला असतो. भार आला की गाठ आवळते, हाताने सैल केली की सरकते. यातली प्रसिद्ध ‘प्रुसिक’ गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ओळखली जाते. जिवंत झाडावर बुटांना काटे लावून चढणे टाळतात, कारण त्यामुळे सालीखालचा वाढीचा थर जखमी होतो.

फांदीवरून चालताना तोल कसा राहतो?

मुख्य दोर शक्य तितक्या उंच बांधणे, हे याचे उत्तर. दोर वरून ओढून धरत असल्याने वजनाचा मोठा भाग त्यावर जातो आणि फांदीला फक्त पायाचा आधार द्यावा लागतो. मात्र खोडापासून जितके दूर जावे तितका दोर तिरपा होतो आणि पाय घसरला की माणूस लंबकासारखा खोडाकडे झोकावतो. दोर १० मीटर उंचीवर खोडालगत बांधला असेल आणि माणूस ५ मीटर बाहेर असेल, तर खोडावर आदळतानाचा वेग ताशी १७ किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणून कामाच्या जागी पोहोचताच दुसरा आखूड दोर फांदीभोवती घेऊन अडकवतात.

आकडा कशासाठी?

विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आठवा. तशाच आकाराचा आकडा दोराला बांधून शेजारच्या फांदीवर फेकतात. तो बेचक्यात अडकला की दोर ओढत माणूस स्वतःला तिकडे नेतो. पण आकडा जागा बदलण्यासाठी असतो, जीव टांगण्यासाठी नाही. ओढ सैल झाली किंवा दिशा बदलली की तो निसटू शकतो. त्यामुळे मुख्य दोर सोडला जात नाही. पलीकडे पोहोचून दुसरा दोर पक्का बांधायचा, त्यावर भार टाकून तपासायचा आणि मगच पहिला सोडायचा, हा क्रम मोडायचा नसतो.

दोन झाडांमध्ये दोर ताणून का जात नाहीत?

दिसायला सोपे, पण गणित उलटे आहे. ८० किलोचा माणूस दोराच्या मध्यावर असताना दोर दोन्ही बाजूंना आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर दोरावर ८० किलोइतकाच ताण येतो. दोर घट्ट ताणून कोन ५ अंशांवर आणला, तर तोच ताण सुमारे ४६० किलो होतो! म्हणून दोन्ही झाडांवर उंच जागी स्वतंत्र दोर बांधून, एक सैल करत आणि दुसरा आवळत पलीकडे जातात. एकाच झाडावरही असा चकवा आहे. दोर बेचक्यातून घेऊन त्याचे टोक खाली बुंध्याला बांधले, तर घर्षण वगळता त्या बेचक्यावर माणसाच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो.

संशोधनाला याचा उपयोग काय?

कॅलिफोर्नियातील ‘हायपेरियन’ या रेडवूड वृक्षाची ११५.५५ मीटर ही उंची २००६ मध्ये शास्त्रज्ञ स्टीव्ह सिलेट यांनी दोराने शेंड्यापर्यंत चढून मोजली. नलिनी नाडकर्णी यांनीही दोरांच्या साह्याने वनछत्राचा अनेक वर्षे अभ्यास केला. २०१५ मध्ये अशाच कामादरम्यान त्या सुमारे ५० फुटांवरून पडल्या आणि गंभीर जखमी झाल्या. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा संशोधनाकडे वळल्या. अनुभवी व्यक्तीलाही धोका टळत नाही, हे त्यातून दिसते.

आपल्याकडे हे तंत्र कुठे लागू पडते?

वड, चिंच, आंबा अशा पसरट, मजबूत बेचक्यांच्या झाडांवर ते उपयोगी आहे. नारळाला फांद्याच नसल्याने तिथे पाडेलीचे वेगळे कसब लागते. पावसाळ्याआधीच्या छाटणीत, जिथे शिडीची गाडी गल्लीत शिरत नाही, तिथे माणसालाच वर जावे लागते. त्याच्याकडे हार्नेस आणि दोन दोर असावेत, खाली बचावाचे प्रशिक्षण घेतलेला जोडीदार असावा आणि चढण्याआधी किडलेल्या फांद्या तपासलेल्या असाव्यात. जवळ विजेच्या तारा असतील तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत चढूच नये. ओला दोर वीज वाहून नेतो.