वय, वेतन आणि उत्पादकता : एका वादाचा मागोवा

कामगाराचे वय वाढत जाते तसे त्याचे वेतनही वाढत जावे, अशी औद्योगिक जगातील रूढ अपेक्षा आहे. परंतु त्या वाढीला उत्पादकतेची, म्हणजे ठरावीक श्रमातून होणाऱ्या मूल्यनिर्मितीची, कितपत जोड असते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांत अनेकदा बदलले. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये विस्ताराने मांडलेल्या मानवी भांडवलाच्या सिद्धान्तानुसार शिक्षण आणि कामावरील प्रशिक्षण यांमुळे कौशल्य वाढते व वेतन त्याच्या मागोमाग चढते. जेम्स मेडॉफ आणि कॅथरिन एब्रहम यांच्या १९८० च्या अभ्यासाने या समजाला तडा गेला. कारण अमेरिकी कंपन्यांतील व्यवस्थापकीय व व्यावसायिक कर्मचाऱ्यांच्या नोंदींत, एकाच श्रेणीत अनुभवागणिक वेतन वाढत असले, तरी वरिष्ठांनी केलेले कामाचे मूल्यमापन त्याबरोबर उंचावत नव्हते.

या विसंगतीची उकल एडवर्ड लेझियर यांच्या १९७९ च्या विवेचनात आधीच सुचवलेली होती. त्यांच्या मते कामगाराला तरुणपणी त्याच्या कामाच्या मोलापेक्षा कमी आणि उत्तरवयात अधिक वेतन मिळते. या विलंबित वेतनाच्या आशेने तो कामात कुचराई करत नाही, मात्र जादा वेतन अनिश्चित काळ देणे मालकाला परवडत नसल्यामुळे निवृत्तीचे वय ठरलेले असावे लागते. जपानमध्ये सेवाज्येष्ठतेनुसार वेतन चढवणारी ‘नेन्को’ पद्धत आणि पूर्वी रूढ असलेले ५५ वर्षांचे निवृत्तिवय यांची जोडी याच तर्काशी जुळणारी होती. म्हणूनच १९९८ पासून ६० पेक्षा कमी निवृत्तिवय ठेवण्यास कायद्याने मनाई झाली, तेव्हा वेतनाची चढणही नव्याने आखणे कंपन्यांना भाग पडले.

१९९० च्या दशकापासून कामगारांची आणि कारखान्यांची माहिती एकत्र जोडून अभ्यास होऊ लागले, तरी कार्यकारणाचा पेच उरलाच. कारण भरभराटीतली कंपनी नवी भरती करते आणि डबघाईला आलेल्या कंपनीत जुनीच माणसे उरतात, त्यामुळे वाढलेले सरासरी वय हे कंपनीच्या घसरणीचे कारण नसून परिणाम असू शकते. आक्सेल ब्योर्श-सुपान आणि मात्थियास वाइस यांनी जर्मनीतील ट्रक-जोडणीच्या कारखान्यातील चुकांची मोजणी करून ही अडचण टाळली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार साठीपर्यंत उत्पादकता घटत नाही, वयस्क कामगारांच्या चुका किंचित अधिक असल्या तरी गंभीर चुका ते क्वचितच करतात.

या वाटचालीतून एवढे स्पष्ट होते की, ज्येष्ठ कामगाराचे वेतन त्याच्या चालू वर्षाच्या कामाशी ताडून पाहणे अपुरे आहे. त्याचा हिशेब संपूर्ण सेवाकाळाचा असतो, आणि निवृत्तीचे वय बदलले की तो पुन्हा मांडावा लागतो.