हा आकडा की हे नाव?



टेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालून गेली की घरट्याभोवती कुंपण उभे राहते, हे तुम्ही पाहिलेच आहे. समजा, या घरट्यांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम तुम्ही पायथनमध्ये लिहायला घेतला. पहिला प्रश्न हाच, की कोणत्या रकान्यात कोणत्या प्रकारची माहिती? यालाच डेटा टाइप म्हणतात.

अंडी मोजायला पूर्णांक, म्हणजे इंटिजर. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. अर्धे अंडे कोणी मोजत नाही. वाळूच्या तापमानाला मात्र दशांश हवा, म्हणजे फ्लोट. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडात अजून 'दशमलव' येते!) हा फरक किरकोळ नाही. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त. साधारण ३० अंशांच्या आसपास एखाद्या अंशानेही चित्र पालटते. आता २९.१ आणि २९.९ यांचे पूर्णांक करा; पायथन दोन्हींचे २९ करतो. दशांशापुढचे सरळ कापतो. जे हवे होते तेच गेले.

जागेचे नाव मजकुरात, म्हणजे स्ट्रिंगमध्ये जाते. पिल्ले बाहेर आली का, याचे उत्तर फक्त हो किंवा नाही, तो बुलियन.

फसगत होते ती आकड्यासारख्या दिसणाऱ्या मजकुराची. गोव्याचा एसटीडी कोड ०८३२. तो संख्या म्हणून साठवला तर उरतो ८३२, आणि फोन लागत नाही. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो मजकूरच समजावा. उलट, बेरीज करायचे आकडे मजकूर म्हणून ठेवले तर '१२' आणि '८' मिळून २० नव्हे, '१२८' होतात. प्रयोगशाळेत करून पाहा.

पालक व विश्वस्त मंडळींनाही एक गोष्ट सांगतो. आमच्या गुणांच्या तक्त्यात एकदा फक्त संख्याच चालेल असा रकाना होता. तापामुळे एक मुलगी गणिताच्या पेपरला आली नाही. तिथे ० पडला आणि तिची सरासरी घसरली. वडील निकाल घेऊन आले तेव्हा चूक कळली. पेपर दिला आणि शून्य मिळाले, हे वेगळे. पेपर दिलाच नाही, हे वेगळे. पायथनमध्ये दुसऱ्यासाठी 'नन' असे स्वतंत्र मूल्य आहे. त्या मुलीचा निकाल आम्ही दुरुस्त केला, आणि आता गैरहजेरीचा रकाना निराळा ठेवतो.

— मुख्याध्यापक