ज्याचं त्याचं पातं

गेल्या महिन्यात आमचे अकरावीतले साहेबजादे हनुवटीला कापूस लावून नाश्त्याला बसले. विचारलं तर माझ्याच रेझरने, माझ्याच जुन्या ब्लेडने दाढीची रेघ कोरली होती. रागावलो नाही, शिकवलंच नव्हतं, तेव्हा चूक माझी. पण एक गोष्ट निक्षून सांगितली : घरात ब्लेड सामाईक नसतं. त्यावरच्या न दिसणाऱ्या रक्तातून हेपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात.

संध्याकाळी दोघे भाऊसिंगजी रोडला गेलो. त्याच्यासाठी साधा दुधारी रेझर घेतला. टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओक्लॉक यांची एकेक लहान पाकिटं घेतली. नवख्याने एकदम शंभरांचा गठ्ठा घेऊ नये. एकाला मानवणारं पातं दुसऱ्याचा गाल ओरबाडतं. रेझर आणि साबण तेच ठेवून फक्त ब्लेड बदलावं, प्रत्येकाने तीन-चार दाढ्या कराव्यात, तेव्हा फरक कळतो.

तेज धारेला घाबरू नये. बोथट पातं केस ओढतं, मग हात जोर लावतो आणि कापतं. पातं साधारण ३० अंशांत टेकवावं. रेझरचं वजनच पुरतं. केस ओढू लागले की ब्लेड बदलावं.

सलूनमध्येही उस्तऱ्यात नवं पातं आपल्यासमोर बसवून घ्यावं. वापरलेली ब्लेडं चीर पाडलेल्या जुन्या डब्यात साठवा, कचऱ्यात सुटी टाकू नका. कचरा उचलणाराही कुणाचा तरी अब्बा असतो.