आधी हात, आधी लघवी, पाय नंतर

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. फळांची पिशवी कोपऱ्यात ठेवायची, खुर्ची ओढायची आणि पेशंटकडे न बघता त्याच्या बायकोला किंवा वडिलांना विचारायचं, "मग, चालायला कधी लागणार?" गावाहून आलेले काका विचारतात, ऑफिसातले साहेब विचारतात, सोसायटीचा वॉचमनही विचारतो. या प्रश्नाच्या दडपणाखाली अख्खं घर महिनोन् महिने पायांमागे धावत सुटतं. मालिश पायांना, कॅलिपर पायांना, नवसही पायांसाठीच. लघवीची नळी इकडे तशीच लोंबत असते, माकडहाडावर लाल चट्टा उठलेला असतो, आणि पेशंटला पाण्याचा पेला स्वतः उचलता येतो का, हे कुणी बघितलेलं नसतं.

चालता आलं की बाकीचं आपोआप येतं, आणि चालता येत नाही तोवर बाकी काही मिळवण्यात अर्थ नाही, असा हा समज. तो दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

मज्जारज्जू फक्त पाय चालवत नाही. इजेच्या पातळीखालचं सगळंच त्याच्या अखत्यारीत येतं: मूत्राशय, आतडं, लैंगिक क्रिया, कातडीची संवेदना, घाम, रक्तदाब, आणि इजा मानेत असेल तर हातही. अर्धवट इजेत काही जण चालू लागतात, पण लघवीवरचा ताबा परत येतोच असं नाही. उलट पायात कणभरही हालचाल नसलेला माणूस सकाळी वेळेवर आवरून, रिक्षाने ऑफिस गाठून, संध्याकाळी कपडे कोरडे ठेवून घरी येऊ शकतो. या दोघांत मोकळा कोण, हे तुम्हीच सांगा.

ज्यांच्यावर हे ओढवलंय त्यांना काय हवंय, हे विचारून झालेलं आहे. किम अँडरसन या अमेरिकन संशोधक बाईंना स्वतःला मज्जारज्जूची इजा आहे. त्यांनी २००४ साली 'जर्नल ऑफ न्यूरोट्रॉमा'मध्ये ६८१ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. कोणती क्षमता परत मिळाली तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल, असा प्रश्न होता. चारही हातपाय लुळे पडलेल्यांपैकी जवळजवळ ४९ टक्के लोकांनी पहिला क्रम हातांना दिला. चालण्याला पहिला क्रम देणारे ८ टक्केसुद्धा नव्हते. फक्त पाय गेलेल्यांमध्ये सुमारे २७ टक्क्यांनी लैंगिक क्रिया पहिली ठेवली, सुमारे १८ टक्क्यांनी लघवी-शौचावरचा ताबा. चालणं साधारण १६ टक्क्यांवर, म्हणजे त्यानंतर. आपल्याकडे या पहिल्या दोन गोष्टी काकांसमोर उच्चारायची सोय नाही. मग पेशंटही मान हलवतो आणि म्हणतो, हो, चालायचंय.

"तिकडे रॅम्प आहेत हो, म्हणून त्यांना पायांचं काही वाटत नाही," असं कुणी म्हणेल, आणि ते अगदीच खोटं नाही. तीन पायऱ्या आणि भारतीय पद्धतीचा संडास असलेल्या घरात चालण्याचं वजन वाढतंच. पण मूत्राशयाचा देशाशी संबंध नाही. तुंबलेली लघवी उलटी चढून मूत्रपिंड निकामी करते, ते अमेरिकेतल्या बर्कलीतही करते आणि बार्शीतही.

आता हातांचं बघू, कारण इथे पायांच्या वेडापायी खरोखरचं नुकसान होतं. मानेतली इजा सहाव्या पातळीच्या खाली असली, म्हणजे सी-६ शाबूत असली, तर माणसाला मनगट वर उचलता येतं. बोटं हलवता येत नाहीत. पण स्वतःचा हात सैल सोडून मनगट मागे वळवून बघा: बोटं जराशी आत येतात, अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मनगट खाली सोडलं की मूठ उघडते. ज्याची बोटं हलत नाहीत त्याच्यासाठी हीच पकड. तिच्यात टूथब्रश राहतो, पोळीचा तुकडा राहतो, पेन राहतं. मात्र त्यासाठी बोटांचे स्नायुबंध थोडे आखडलेले हवेत. आणि घरी काय चाललेलं असतं? रोज सकाळी मालिशवाला मनगट मागे दाबून पाचही बोटं टणटणीत सरळ करतो, घरचे कौतुकाने म्हणतात, "बघा, हात कसा मोकळा झाला!" मोकळा झाला खरा. त्या हातात आता चमचा राहत नाही. व्यायामाच्या वेळी मनगट मागे असेल तर बोटं मिटलेली ठेवायची आणि बोटं सरळ करायची असतील तर मनगट खाली सोडायचं, एवढं सांगणारं कुणी त्या घरात आलेलंच नसतं.

हे सांगण्याचं काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. ती आपल्याच राज्यात निघाली, तरी अजून लोक या थेरपिस्टना 'फिजिओवाल्या मॅडम' म्हणतात आणि पायाचे व्यायाम कधी घेणार ते विचारतात.

स्वावलंबन मोजायचं एक मापही आहे. 'स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर' नावाच्या या १०० गुणांच्या मापात खाणं, अंघोळ, कपडे यांना २० गुण आहेत, श्वसन आणि लघवी-शौच यांना ४०, आणि हालचालीला ४०. हालचालीच्या चाळिसांतही बिछान्यात कूस बदलणं, बिछान्यातून खुर्चीत सरकणं, चाकाच्या खुर्चीवरून हिंडणं हे सगळं येतं. म्हणजे एक पाऊल न टाकता माणूस भरपूर गुण मिळवू शकतो. काकांना कुणीतरी हे माप दाखवायला हवं.

अपेक्षा सोडा, असं मी म्हणत नाही. इजा अर्धवट असेल तर चालण्याचा सराव जरूर, लवकर आणि भरपूर करावा. राग येतो तो बाकीचं सगळं त्याच्या रांगेत ताटकळत ठेवण्याचा.

त्याच रांगेतला धाकटा गैरसमज: व्हीलचेअर आणली म्हणजे हार मानली. या समजापायी माणूस वर्षभर खाटेवर राहतो. आणतात तीही हॉस्पिटलातली, कुणाच्याही मापाची नसलेली, दुसऱ्याने ढकलायची जड खुर्ची. नितंबांची रुंदी आणि मांडीची लांबी मोजून केलेली, हलकी, हात काढता येणारी खुर्ची मिळाली तर तोच माणूस फळीवरून सरकत स्वतः बिछान्यात जातो. कमरेखाली काहीच हालचाल नसलेले कित्येक जण कॅलिपर लावून चालायला शिकतात, आणि मग बाजारात जाताना खुर्चीच घेतात, कारण कॅलिपरवर दहा पावलांतच दम निघतो.

दुसऱ्या टोकाचाही एक समज आहे: स्वावलंबी म्हणजे सगळं स्वतःच्या हाताने. शर्टाची बटणं लावायला पाऊण तास घालवून घामाघूम झालेल्या माणसाकडे नंतर कामाला ताकद उरत नाही. बटणं भावाने लावली आणि तो वेळ हिशेबाच्या वह्यांना दिला, तर बिघडलं काय? कुणी लावायची, कधी लावायची, कुठला शर्ट, हे त्याने ठरवलं म्हणजे झालं. पोलिओने मानेखाली लुळे पडलेले एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी १९७२ साली बर्कलीत अपंगांनीच चालवलेलं केंद्र उभं केलं, ते याच मुद्द्यावर.

बाकीचे गैरसमज झटपट. नळी कायमची ठेवणं सुरक्षित? ज्यांना हात वापरता येतात किंवा मदत आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी दर चार-सहा तासांनी स्वच्छ हाताने नळी घालून काढणं बरं. निर्जंतुक नव्हे, स्वच्छ तंत्र पुरतं, हे जॅक लॅपिडिस यांनी १९७२ सालीच दाखवलं. टायरसारखी रबरी रिंग बसायला घेतली की जखम टळते? उलट कडेने रक्तपुरवठा दाबला जातो. एअरबेड आहे म्हणून कूस बदलायची नाही? बदलायचीच. 'सुपरमॅन' ख्रिस्तोफर रीव्ह यांच्याकडे पैसा होता, चोवीस तास नर्सा होत्या, तरी २००४ साली ते गेले तेव्हा दाबामुळे झालेल्या जखमेच्या संसर्गावर उपचार चालू होते. पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी? कातडीला कळत नाही, भाजतं. मूल होणार नाही? बाईला बहुधा होऊ शकतं, पुरुषाला बहुतेकदा वैद्यकीय मदत लागते. "असं जगण्यापेक्षा सुटलेला बरा"? १९९४ च्या एका अमेरिकन पाहणीत, अशी इजा होऊन वाचलो तर जिवंत असल्याचा आनंद वाटेल, असं तातडीच्या विभागातल्या १८ टक्केच कर्मचाऱ्यांनी सांगितलं. प्रत्यक्ष इजा झालेल्यांत हेच म्हणणारे ९२ टक्के होते.

एक मात्र झटपट सोडायचं नाही. इजा छातीच्या सहाव्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर घरचे "चक्कर आली" म्हणून आडवं करतात. नेमकं उलट करायचं. रक्तदाब भयंकर चढलेला असतो. त्याला उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, घट्ट कपडे सैल करायचे आणि आधी नळी बघायची: पिळा पडलाय का, पिशवी भरलीय का. बहुतेक वेळा कारण तुंबलेली लघवी असते, नाहीतर साचलेला मळ. तरीही उतरलं नाही तर लगेच दवाखाना, आणि तिथल्या नवख्या डॉक्टरला हे सगळं पेशंटला स्वतः सांगता यायला हवं. डिस्चार्जच्या आधी त्याच्याकडून ते तोंडपाठ करून घ्या.