दारची विद्या

वैद्यकीय संशोधन म्हटले की आपली दृष्टी परदेशाकडे वळते. परंतु १९९९ साली बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने, मुंबईच्या टाटा स्मारकासह, शेजारच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखांहून अधिक ग्रामीण स्त्रियांची पाहणी आरंभिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची ज्यांची एकदाच चाचणी झाली व वेळीच उपचार झाले, त्या गटात या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष जगापुढे आला. सोलापुरात तज्ज्ञांची रुग्णालये उभी राहिली, हे स्वागतार्हच होय. परंतु विकोपाला गेलेला रोग तज्ज्ञाच्या दारी नेण्यापेक्षा चाचणीच खेड्याच्या उंबरठ्यावर नेणे श्रेयस्कर, हा बार्शीचा धडा आहे. जगाला दिलेली ही विद्या आपल्याच भगिनींना न लाभावी काय, असे आम्ही विचारतो.