दोनशेचा प्लॅन, मोबाइलवर तीस

नेरच्या मित्राचा परवा फोन. “अबे, दोनशे एमबीपीएसचं फायबर घेतलं, अन् मोबाइलवर तीसच दाखवते!” त्याच्या घरी गेलो, लॅपटॉप केबलने राऊटरला जोडला. ९४.

हा आकडा दिसला की मी आधी राऊटरचं पोर्ट बघतो. बऱ्याच स्वस्त राऊटरची पोर्टं १०० एमबीपीएसचीच असतात. डेटाच्या पाकिटांवरचा पत्ता-बित्ता वजा जाता ९४-९५ उरतात. पोर्ट गिगाबिट असेल तर केबल तपासा. १०० ला आतल्या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. जास्तीच्या चारांतली एखादी तुटली की गाडी गुपचूप १०० वर येते. इथे पोर्टच १०० चं निघालं.

मग तीस का? राऊटर कुलरच्या मागे! आपला वऱ्हाडी कुलर म्हणजे पत्र्याची पेटी, ओल्या जाळ्या अन् टाकीभर पाणी. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषतं. त्यात मोबाइल २.४ गिगाहर्ट्झवर. तिथे एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. अख्खी गल्ली त्यावरच. ५ गिगाहर्ट्झ मोकळा, वेगवान. पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. जुन्या मातीच्या भिंती असतील तर विचारूच नका.

राऊटर उंच फळीवर ठेवला, मोबाइल ५ वर घेतला: ९०. गिगाबिट पोर्टांचा राऊटर तिथेच बसून मागवला. पठ्ठ्या मागच्या खोलीसाठी रिपीटर घेणार होता, तो थांबवला. साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो नि बोलतो, वेग जवळपास निम्मा. त्यापेक्षा तिथे सरळ केबल ओढा.